दडा बसलेल्या कानाची साक्ष

फोन आला तेव्हा फौजदार वाफ घेत होते. डोक्यावर टॉवेल, समोर गरम पाण्याचं पातेलं. कुणी अचानक चौकीत शिरलं असतं, तर पातेल्याचीच जबानी चालली आहे असं त्याला वाटलं असतं.

"बोला," टॉवेलातून आवाज आला.

"मी डोंगरावरच्या वेधशाळेतून बोलतेय." बाईंचा आवाज स्थिर होता. "माझे यजमान आत्ताच येऊन गेले."

"मग?"

"ते गेल्या हिवाळ्यात वारले."

फौजदारांनी टॉवेल काढला.

"तक्रार नोंदवायची आहे?"

"त्यांच्याविरुद्ध? छे हो! संसारात कधी केली नाही, आता काय करू! फक्त कुणीतरी येऊन बघून जा. उद्या सकाळी डॉक्टर येणार आहेत. मला वेड लागलंय असं त्यांनी लिहून दिलं, की मला इथून हलवतील. आणि मी हलले तर हे येतील तेव्हा घरात कुणीच नसेल."

साहेबांनी फौजदारांनाच पाठवलं. शिंकणाऱ्या माणसाला खुनाचं काम कुणी देत नाही. भुताचं देतात.

डोंगर सरळसोट होता. पायवाट दरड कोसळून नाहीशी झाली होती. वर जायला एकच साधन, रोपवे. शेजारी शेजारी दोन दोर. एकावरून माणसांची काचेची केबिन जायची. दुसरा मालाचा. त्याला टांगलेले लोखंडी पाळणे रहाटासारखे सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरत राहायचे, भरलेले वर, रिकामे खाली.

"दुपारी धुकं होतं ना?" फौजदारांनी केबिनवाल्याला विचारलं.

"गच्च. आत्ता उठलं. धुक्यात माणसं न्यायची नाहीत असा नियम आहे, साहेब. केबिन बंद होती."

"म्हणजे दुपारी वर कुणी गेलं नाही?"

"पंख असले तर गेलं असेल."

"आणि ते?" फौजदारांनी मालाच्या दोराकडे बोट दाखवलं.

"ते चालू होतं. बटाट्याला दरी दिसत नाही, त्यामुळे त्याला नियम नाही."

केबिन निघाली. अर्ध्या वाटेत फौजदारांच्या कानात फट् झालं.

"आवंढा गिळा," केबिनवाला म्हणाला. "जाताना सोपं असतं. खरी मजा उतरताना."

*

वेधशाळा म्हणजे कड्याजवळचं एक दगडी घर, आणि त्याला चिकटलेली उपकरणांची खोली. खोलीला बाहेरून वेगळं दार. दारात ज्या उभ्या होत्या त्यांना सगळं गाव वहिनी म्हणायचं. अंगात मयत नवऱ्याचा स्वेटर, बाह्या दुमडलेल्या.

वहिनींनी टेबलावर तीन कप ठेवले.

"अजून कुणी यायचंय?" फौजदारांनी विचारलं.

"त्यांचा आहे. पीत नाहीत. पण समोर नसला की बरं दिसत नाही."

बिस्किटांचा पुडा उशीसारखा टम्म फुगला होता. फौजदार त्याच्याकडे संशयानं पाहू लागले.

"बिघडलेला नाही," वहिनी म्हणाल्या. "इथली हवा विरळ. खालून बंद होऊन आलेलं सगळं वर फुगतं. इथून बंद करून नेलेलं खाली आक्रसतं. माणसांचंही तसंच होतं म्हणा."

"काय घडलं ते सांगा."

"धुकं आलं की हे बॅरोमीटरच्या काचेवर बोट आपटायचे. टक, टक, टक. काटा अडकला असेल तर सुटावा म्हणून. त्या दिवशीही आपटलं, आणि कड्यावरचं वाऱ्याचं यंत्र बघायला गेले. दरीत डाव्या पायातला बूट सापडला. बाकी काही नाही."

"आणि आता?"

"आता धुकं घरावर बसलं, की त्या खोलीचं बाहेरचं दार वाजतं. मग पावलं. खट्, मऊ. खट्, मऊ. एका पायात बूट, दुसरा अनवाणी. मग टक, टक, टक. त्यांच्या तंबाखूचा वास येतो. मी स्वयंपाकघरातून जाईपर्यंत खोली रिकामी आणि दार उघडं. दारात नुसतं पांढरं."

फौजदारांनी खिडकीकडे पाहिलं. धुक्याचा एक चुकार लोट काचेला चिकटला होता. कुणीतरी बाहेरून श्वास सोडावा तसा. सर्दीनं जड झालेल्या कानात त्यांचीच नाडी वाजत होती आणि क्षणभर त्यांना ती पावलं वाटली. खट्. मऊ.

"भीती नाही वाटत?" त्यांनी घसा साफ केला.

"नवऱ्याची? कधीच नाही. आज मात्र वाटली. आज ते शिंकले."

"शिंकले?"

"तेच मला आवडलं नाही. हे शिंकले की मांडणीवरची भांडी वाजायची. आज कुणीतरी तोंड दाबून शिंकलं. म्हणून तुम्हाला फोन केला."

उपकरणांच्या खोलीत भिंतीवर बॅरोमीटर होता. त्याच्या खालीच, त्याच फळीवर, हवेच्या दाबाची रेघ काढणारं यंत्र फिरत होतं. कागद गुंडाळलेलं नळकांडं, त्यावर टेकलेलं शाईचं टोक. फौजदारांनी वाकून पाहिलं. दुपारच्या शांत रेघेवर शेजारी शेजारी तीन बारीक काटे उठले होते. त्यांनी काचेवर बोट आपटलं. टोक थरथरलं. चौथा काटा उठला.

"भूत भिंतीतून जातं असं ऐकलंय," ते म्हणाले. "पण फळी हलवणारं भूत वजनदार असलं पाहिजे. वहिनी, तुम्ही शहाण्या आहात. दुपारी इथे कुणीतरी होतं."

वहिनींना आनंद व्हायला हवा होता. त्या फक्त म्हणाल्या, "कुणीतरी?"

"हे घर कुणाचं?"

"सासऱ्यांनी बांधलं. मी इथे राहीन तोवर माझं. मग धाकट्या भावजींचं. खाली दुकान आहे ना, ते. रोज फोन करतात, 'वहिनी, खाली या.' माझ्या बोलण्याचा धसका घेऊन डॉक्टरांनाही त्यांनीच सांगितलं."

"ते वर येतात?"

"दर रविवारी."

"आणि त्यांच्या मंडळी?"

"माझी जाऊ? ती बिचारी लग्न झाल्यावर एकदाच आली, डोळे गच्च मिटून. उंचीनं तिला चक्कर येते. पण माझं सगळं सामान पाळण्यात तीच भरते हो. अगदी निगुतीनं."

*

खाली येताना केबिनवाल्यानं पेपरमिंटच्या गोळ्यांची बरणी पुढे केली. इथली रीतच होती. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर एक गोळी.

"मी लहान मूल नाही," फौजदार म्हणाले.

थोडं खाली येताच त्यांना आपण लहान मूल असतो तर बरं झालं असतं असं वाटू लागलं. डाव्या कानात कुणीतरी अंगठा दाबून धरला होता. ठणका दाढेपर्यंत गेला. त्यांनी आवंढे गिळले, जांभया दिल्या, नाक धरून फुंकलं. दडा सुटेना.

तशाच अवस्थेत ते दुकानात शिरले. धाकटे बंधू गल्ल्यावर होते. धिप्पाड, बोलके, डोळ्यांत पाणी तयारच.

"दादा गेला आणि वहिनीचं असं झालं! साहेब, मला घर नको, दार नको. ती कड्याच्या टोकावर एकटी, आणि मेलेल्या माणसाला चहा देते. उद्या धुक्यात त्याच्या मागोमाग चालत गेली तर?"

"तुम्ही दुपारी कुठे होता?"

"इथेच. जेवलो की पोत्यांवर आडवा होतो. माझं घोरणं अख्ख्या बाजारानं ऐकलंय, कुणालाही विचारा. ही मागे गोदामात होती. पाळणे हीच भरते."

त्यांनी फळीवरून फडक्यात गुंडाळलेली वस्तू हलकेच काढली. डावा बूट. "दादाचा. रोज पुसतो मी."

फौजदारांनी बूट हातात घेतला. कातडं पुसून लख्ख केलेलं होतं. नाडी मात्र ओलसर लागली.

मागच्या दारातून बाई आल्या. कानांवरून मफलर, नाक लाल, खांद्यावर पोत्याचा पांढरा डाग.

"तुम्ही वर कधी जाता?" फौजदारांनी विचारलं.

बाईंनी उजवा कान पुढे केला. "काय म्हणालात?"

"वर! कधी जाता?"

"नाही बाई! मला नुसतं दोराकडे बघून गरगरतं."

"दुपारी कुठे होता?"

"काय?"

"अगं, दुपारी कुठे होतीस विचारतायत!" बंधू ओरडले. मग फौजदारांकडे वळले. "एरवी हिला शेजारच्या घरातली कुजबुज ऐकू येते, साहेब. आज सकाळी मी लाडवाचा डबा हळूच उघडला, तर गोदामातून खेकसली. आणि दुपारपासून बघा, ढोल वाजवावा लागतोय. सर्दी, दुसरं काय!"

"सर्दीच," फौजदार डावा कान चोळत म्हणाले. "जरा पाणी मिळेल?"

बंधूंनी काउंटरमागची एक प्लास्टिकची बाटली पुढे केली. "घ्या, हिचीच आहे." बाटली अर्धी होती, झाकण घट्ट होतं आणि तिचे गाल कवळी काढलेल्या आजोबांसारखे आत गेले होते.

फौजदारांनी झाकणाला हात घातला. थांबले. बाटली कोटाच्या खिशात टाकली.

"वाटेत पितो," ते म्हणाले.

*

डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून पाहिलं आणि ते चुकचुकले.

"गोळी नाही घेतलीत?"

"गोळीचा आणि कानाचा काय संबंध?"

"कानाच्या पडद्यामागे एक चिमुकली खोली असते. तिच्यात हवा असते. त्या खोलीतून एक बारीक नळी निघते आणि नाकाच्या मागे, घशात उघडते. एरवी ती मिटलेली. तुम्ही गिळलं किंवा जांभई दिली, की क्षणभर उघडते. मग आतली हवा आणि बाहेरची हवा यांचा हिशेब मिटतो. गोळी चघळणारा सारखा गिळतो. म्हणून गोळी."

"मी खूप गिळलं."

"पण सर्दीनं नळीचं तोंड सुजलंय. वर जाताना आतली हवा कशीबशी सुटते. उतरताना बाहेरची हवा जड होत जाते, आत काही शिरत नाही आणि पडदा आत ढकलला जातो. तुमच्या कानात अजून डोंगरावरची विरळ हवा कोंडून बसलीय."

"नुसत्या सर्दीनंही कानात दडा बसतोच की."

"बसतो. पण असा तासाभरात, इतक्या जोरात? इथे तो मी उतरून आलेल्यांतच बघतो."

"उपाय?"

"थेंब देतो. बाकी गमतीचा उपाय म्हणजे परत वर जा. जिथली हवा कोंडलीय तिथे नेलं, की आत-बाहेर सारखं. कानाला वाटतं काही झालंच नव्हतं." डॉक्टर हसले. मग एकदम गंभीर झाले. "उद्या त्या बाईंच्या कागदावर मला सही करावी लागणार. माझा हात धजत नाही हो. पण उद्या ती खरंच कड्यावरून गेली, तर मला झोप लागेल का?"

"सही वरच करा," फौजदार म्हणाले. "आणि निघताना त्या दुकानदाराला सांगा, बायकोला बरोबर घे म्हणावं. वहिनींचं सामान बांधायला बाईमाणूस लागेल."

*

सकाळी केबिनमध्ये चौघं होते. फौजदार, डॉक्टर, धाकटे बंधू आणि मफलरातल्या बाई. बाईंनी दांडी धरली होती आणि डोळे मिटले होते. नवरा सारखा "घाबरू नकोस गं!" असं ओरडत होता. त्यामुळे बाकीचे सगळे घाबरले होते.

फौजदारांनी खिशात हात घातला. बाटली अजून चेपलेलीच होती. पण जसजशी केबिन चढू लागली, तसा बोटांखाली प्लास्टिकचा एकेक गाल हलकेच कुरकुरत बाहेर येऊ लागला. वरच्या टप्प्यावर त्यांच्या डाव्या कानातला अंगठा कुणीतरी अलगद काढून घेतला. जग पुन्हा वाजू लागलं.

वहिनींनी सगळ्यांना उपकरणांच्या खोलीत बसवलं. चहा आला. एक कप जास्तच होता. धाकट्या बंधूंनी डोळे पुसले. बाई खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी कागद काढला.

फौजदार हलकेच बाईंच्या डाव्या बाजूला गेले आणि ओठही नीट न हलवता कुजबुजले, "बुटाची नाडी अजून ओली आहे."

बाई गर्रकन वळल्या. "कशी असेल? मी तर पुस—"

पुढचा शब्द त्यांनी गिळला. पण काही गोष्टी गिळायला उशीर झालेला असतो.

खोलीत फक्त नळकांडं फिरत होतं.

"काय चाललंय?" बंधूंनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात.

"तुमच्या मंडळींसमोर काल दुपारपासून ढोल वाजवावा लागत होता," फौजदार म्हणाले. "आत्ता माझी कुजबुज ऐकू आली. त्याच डाव्या कानानं. सर्दी तर आहेच अजून. मग एवढ्यात झालं काय? एकच. त्या वर आल्या. डॉक्टर, वर आल्यावर कुणाचा कान मोकळा होतो?"

डॉक्टरांच्या हातातला कागद खाली आला. "ज्याच्या कानात वरचीच हवा कोंडलेली असते, त्याचा."

"म्हणजे जो काल सर्दी अंगात घेऊन इथून उतरला, त्याचा. माझा झाला. मी काल उतरलो. या कधी उतरल्या? या तर लग्नानंतर वर आल्याच नाहीत."

"कान काही पण करतो," बाई म्हणाल्या. आवाज कोरडा पडला होता.

"म्हणून दुसरा साक्षीदार आणलाय. याला सर्दी होत नाही." फौजदारांनी बाटली टेबलावर ठेवली. तिचे गाल आता गुटगुटीत होते. "बंधू, काल ही तुम्ही मला दिलीत तेव्हा कशी होती?"

"चेपलेली. पण ही तर..."

"मी झाकणाला हात लावलेला नाही. हिचं झाकण इथे, या हवेत लागलं. खाली गेल्यावर ती आक्रसली, इथे आल्यावर पुन्हा फुगली. वहिनींनी मला हे बिस्किटाच्या पुड्यावरून शिकवलं होतं, मी मात्र चहात बिस्किट बुडवत बसलो. धुक्यात केबिन बंद असते. मालाचे पाळणे बंद नसतात. धुक्यात ते कुणाला दिसतही नाहीत. पाळणा कोण भरतं? दुकानदार घोरत असताना गोदामात कोण असतं? दादांचा तंबाखू कुठल्या दुकानात मिळतो? डावा बूट कुणाच्या फळीवर आहे? पहिल्या खेपांना सगळं सुरळीत झालं. काल भुताला सर्दी झाली. ते इथे शिंकलं आणि खाली जाताना बहिरं झालं."

"गोळी तरी घ्यायचीस," डॉक्टर नकळत म्हणाले.

बाई भिंतीला टेकल्या. "ती गोळी कानासाठी असते?" त्यांनी विचारलं. "इतकी वर्षं बरण्या मीच भरून देते. मला वाटायचं, नुसती तोंड गोड करायला."

"अगं, पण का?" बंधूंचा आवाज फुटला. "आणि तुला तर दोराकडे बघून गरगरतं!"

"धुक्यात काय दिसतं गरगरायला?" बाई म्हणाल्या आणि मग थांबल्याच नाहीत. "लग्न झाल्यापासून त्या अंधाऱ्या गोदामात मी माल चढवतेय. दूध वर जातं, फुलांच्या कुंड्या वर जातात, ताईंच्या नव्या चादरी वर जातात. निवडून निवडून चांगलं तुम्ही वर पाठवता. पहिल्यांदा गेले ती नुसती बघायला. त्या दिवशी धुकं खालीच होतं. त्याच्या वर आले, तर इथे ऊन होतं! खिडकीतून ऊन आत येत होतं. मला वाटलं, ताई घाबरून खाली येतील. वेडं ठरवायचं माझ्या मनात नव्हतं. ते तुम्ही काढलंत."

सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. त्या कपाकडे बघत होत्या.

"दर वेळी तूच होतीस?"

"हो, ताई."

"एकदासुद्धा ते नव्हते?"

बाईंनी मान खाली घातली.

"चहा तरी प्यायची होतीस गं," वहिनी म्हणाल्या. "दर वेळी भरून ठेवला होता."

बाई तिथेच खाली बसल्या आणि रडू लागल्या. नाक आधीच लाल असल्यामुळे फारसा फरक दिसला नाही, पण रडणं खरं होतं.

फौजदारांनी कागद-पेन काढलं. "वहिनी, तक्रार?"

"नाही." वहिनींनी जावेसमोर तो जास्तीचा कप सरकवला. "ऊन हवं असेल तर ये. पुढच्या दारानं ये, केबिनमधून ये, आणि दोन्ही पायांत चपला घालून ये. तो बूट मात्र मला आणून दे. तो या घरातला आहे."

डॉक्टरांनी सहीचा कागद उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर कानाचे थेंब लिहून दिले, दोन माणसांना पुरतील इतके.

परतीच्या वाटेवर सगळे पुढे गेले. फौजदार टोपी विसरले होते, ती घ्यायला मागे वळले. धुकं पुन्हा चढत होतं. कुंपण गेलं, अंगण गेलं. घर पांढऱ्यात बुडालं. आणि बंद दाराआडून, मोकळ्या झालेल्या दोन्ही कानांना, स्वच्छ ऐकू आलं.

टक. टक. टक.

फौजदार दोन ढांगांत दारापाशी आले. त्यांनी दार ढकललं.

बॅरोमीटरसमोर वहिनी उभ्या होत्या. बोट अजून काचेवर होतं. खाली शाईच्या रेघेवर तीन ताजे काटे.

"तुम्ही मला शहाणी ठरवलंत," त्या न वळता म्हणाल्या. "उपकार झाले. पण आता धुक्यात कुणी यायचं नाही."

फौजदार फळीजवळ आले. "काटा हलला का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"आपटून बघायचं असतं," वहिनी म्हणाल्या.

टोपी घेऊन फौजदार केबिनमध्ये आले. केबिनवाल्यानं बरणी पुढे करायच्या आतच त्यांनी हात पसरला. गोळी तोंडात टाकली आणि अख्ख्या उतारभर ते गिळत राहिले. कानात दडा बसला नाही. घशात मात्र काहीतरी तळापर्यंत तसंच अडकून राहिलं.